मधल्या दारातली ऋगू

१

हे सगळं दिवसाढवळ्या घडलं, हे आधीच सांगून टाकते. अंधार, वादळ, दिवे जाणं, यातलं काहीही नव्हतं. समुद्र शांत होता आणि जहाजावर दुपारभर कुठे ना कुठे गाणी चालू असायची.

माझं काम कानांचं. सिंगापूरमध्ये नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांना काय ऐकू येतं आणि काय येत नाही, ते तपासते. एक छोटी खोली असते, भिंतींना जाड अस्तर लावलेली, आवाज अजिबात न घुमणारी. पेशंटला तिच्यात बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि बारीक बारीक सूर ऐकवायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. कधी कधी मी काहीच वाजवलेलं नसतं आणि तरी पेशंट बटण दाबतो. तो खोटं बोलत नसतो. शांततेत बराच वेळ बसलं की ज्या आवाजाची वाट पाहतोय तो ऐकू यायला लागतो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे, त्यावर सगळ्यात आधी अविश्वास मीच दाखवला.

जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली तेव्हा आम्ही क्रूझला गेलो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा विक्रांत, आमची दहा वर्षांची ऋग्वेदा, आणि पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई, अरुणाताई. क्रूझची कल्पना विक्रांतची. आजी आणि नात एका केबिनमध्ये राहतील, गप्पा मारतील, जरा जवळ येतील, असं त्याच्या मनात होतं.

कारण तोच तर प्रश्न होता. ऋगू इथेच जन्मली. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून बाहेर पडतं ते इंग्रजी, तेही इथल्या शाळेतलं. बुओना व्हिस्टाच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी सासूबाई विचारायच्या, "ऋगू, दूध घेतलंस का गं?" की ही बुटांचे बंद बांधत म्हणणार, "ड्रिंक ऑलरेडी, आजी."

सासूबाईंना इंग्रजी येत नाही असं नाही. त्या पुण्यात शाळेत शिकवायच्या. एकदा जेवणानंतर भांडी आवरताना मला म्हणाल्या, "कळतं गं मला तिचं सगळं. पण घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलावं तशी बोलते ती माझ्याशी."

त्यावर मी काय बोलणार? मलाही ती 'ममा'च म्हणते.

जहाजावर आम्हाला शेजारशेजारच्या दोन केबिन मिळाल्या. मधे एक दार होतं. खरं म्हणजे दोन. एक आमच्या बाजूचं, एक त्यांच्या बाजूचं, पाठीला पाठ लावून. दोन्ही बंद केली की मधे वीतभर पोकळी राहायची. पहिल्याच दिवशी ऋगूने त्या पोकळीत उभं राहून दार लावून पाहिलं. दार तिच्या नाकावर अडलं आणि ती खिदळत बाहेर आली. "नो स्पेस, ममा! ओन्ली घोस्ट कॅन फिट."

सासूबाई म्हणाल्या, "भलतंसलतं बोलू नये," आणि ती म्हणाली, "सॉरी, आजी."

२

पहिलं बंदर पेनांग. तिथून दिवसभराच्या सहली होत्या आणि विक्रांतने आमच्यासाठी बुजांग खोऱ्याची घेतली होती. बसने लांबलचक पूल ओलांडून मुख्य भूमीवर जायचं, मग भातशेती, मग डोंगराच्या पायथ्याशी झाडीत जुन्या देवळांचे अवशेष. "आई, हजार वर्षांपूर्वी आपली माणसं इथे व्यापाराला यायची," असं तो आईला बसमध्ये सांगत होता.

बसमधून उतरलो आणि अंग घामाने चिकट झालं. देवळं म्हणजे उरलेली जोती. काळपट दगडांचे मोठाले चौथरे, खांब बसवायला भोकं पाडलेले गोल दगड, आणि वर मोकळं आभाळ. मागे कुठेतरी ओढा वाहत होता. झाडीतल्या किड्यांची किर्र इतकी दाट होती की तिच्यात आमच्या गाइडचं बोलणं मधूनमधून बुडायचं. तो पेनांगचाच तमिळ माणूस होता. मन लावून सांगत होता, पण माझं लक्ष सासूबाईंच्या गुडघ्यांकडे होतं. त्यांना सावलीतल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. विक्रांत आणि ऋगू चौथऱ्यावर फोटो काढत होते.

थोड्या वेळाने गाइडने बसकडे चलायची खूण केली. मी वळून पाहिलं तर चौथऱ्यावर कुणी नव्हतं. मी हाक मारली, "ऋगू! कुठे आहेस?"

"इथेच आहे, आई. जोत्याच्या मागे. येऊ का?"

ऋगूचाच आवाज. शेवटाला जरासा वर जाणारा, तसाच. आणि स्वच्छ मराठी! मला इतका आनंद झाला की काय सांगू. सासूबाईंनीही ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि त्यांच्या थकलेल्या तोंडावर हसू आलं.

"ये, ये," मी म्हटलं. "लवकर ये. निघायचंय आपल्याला."

"आले हं."

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून, म्हणजे बरोबर उलट्या बाजूने, म्युझियमच्या इमारतीतून विक्रांत आणि ऋगू बाहेर आले. ऋगूच्या हातात थंड पेयाचा कॅन होता. "ममा, इनसाइड गॉट एअरकॉन. व्हाय यू ऑल स्टँडिंग इन द सन?"

मी चौथऱ्याला फेरी मारून आले. मागे वाळलेली पानं होती आणि ओढ्याकडे उतरणारी पायवाट. आमच्या बसमध्ये दुसरं मराठी कुटुंब नव्हतं.

परतताना बसमध्ये मी मनाशी हिशेब जुळवला. किर्र होती, ऊन होतं, आवाज दगडांवर आपटून फिरला असेल. आणि मनात जी इच्छा कित्येक वर्षं आहे, ती कानात वाजली असेल. सासूबाईंची इच्छा तर माझ्याहून मोठी. दोघींनी एकदम ऐकलं याचं उत्तर मात्र जुळेना. मग मी खिडकीबाहेर भातशेती बघत बसले. ऋगू 'जोतं' हा शब्द कुठे शिकली असती, हा विचार मला फार नंतर सुचला.

३

दुसऱ्या दिवशी जहाज फुकेतला लागलं. सासूबाईंचे गुडघे सुजले होते, त्या म्हणाल्या, "मी आपली पडते. तुम्ही या जाऊन." आम्ही तिघं समुद्रावर गेलो, ऋगू पाण्यात मनसोक्त डुंबली, चार वाजून गेल्यावर परत आलो.

चहाला बसलो तेव्हा सासूबाईंचा चेहरा उजळलेला होता. ऋगू आइस्क्रीमच्या मशीनपाशी रांगेत उभी होती. तिच्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "काय गोड बोलली गं आज माझ्याशी दुपारी!"

"कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? ऋगू. मराठीत. एक शब्द इंग्रजी नाही."

विक्रांत हसला. "आई, ती आमच्याबरोबर होती. आत्ता आलो आम्ही."

"थट्टा नको करूस. तुम्ही तिला आधी पाठवलंत ना परत? मी डोळे मिटून पडले होते. म्हणाली, आजी, पाय दुखतात का गं? म्हटलं, दुखतात. तर म्हणे, मी चेपून देते, दार उघड ना, इकडून उघडत नाही."

"कुठलं दार?"

"ते मधलं. उठून आमच्या बाजूचं उघडलं तर समोर तुमच्या बाजूचं बंद. म्हटलं, पळाली असेल पलीकडे. खेळत असेल."

विक्रांतने माझ्याकडे पाहिलं. आईला स्वप्न पडलं, असं त्याचे डोळे म्हणत होते, आणि मलाही तेच पटलं. दुखण्यावरची गोळी, डुलकी, कालचं ऊन. माझ्या कामात मी अशी बरीच माणसं पाहिली आहेत. ऐकणं कमी झालं की मेंदू रिकामी जागा भरून काढतो. सिंगापूरला पोहोचल्यावर त्यांचे कान तपासायचे, असं मी ठरवून टाकलं.

ऋगू आइस्क्रीम घेऊन आली. "आजी, यू वॉन्ट?" तिने विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

"समुद्राचं पाणी गेलं असेल घशात," विक्रांत म्हणाला. सासूबाई मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या. आपण काय ऐकलं आणि आता काय ऐकतोय, याचा मेळ बसत नसल्यासारख्या.

४

पुढचा अख्खा दिवस जहाज समुद्रात असणार होतं. सकाळी ऋगू उठली तेव्हा तिचा आवाज गेला होता. घोगरासुद्धा उरला नव्हता. ओठ हलायचे, श्वास बाहेर पडायचा, आणि बास. ताप नाही, घसा दुखत नाही. तिला तर मजाच वाटत होती. टॅबवर भराभर लिहून दाखवत होती, "नो नीड टू टॉक, शिओक!" मस्त वाटलं की ती हाच शब्द वापरते.

मी तिला जहाजावरच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने घशात बॅटरी मारून पाहिली. थोडी सूज आहे, व्हायरल असेल, बोलू देऊ नका, दोन-तीन दिवसांत येईल आवाज. मीही हेच सांगितलं असतं.

केबिनमध्ये परतलो तर सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. मी ऋगूला पलीकडे बाबाकडे पाठवलं. त्यांनी दार लागेपर्यंत वाट पाहिली.

"अनुया, इकडे बस. एक सांगायचंय. हसू नकोस."

"नाही हसत."

"तू तिला डॉक्टरकडे घेऊन गेलीस ना, तेव्हा ती माझ्याशी बोलली."

मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"तिला आवाज नाही, हे मला माहीत आहे. तुझ्याबरोबर गेली, तेही मी पाहिलं. तरी बोलली." त्यांनी मधल्या दाराकडे बोट केलं नाही, नुसती मान त्या बाजूला झुकवली. "आज वेगळंच विचारत होती."

"काय?"

"म्हणाली, आजी, माझ्या पलंगावर ती कोण झोपते?"

एसीचा गार झोत माझ्या मानेवर येत होता. मी उठून तो बंद केला, काहीतरी करायचं म्हणून. मग परत बसले आणि कामावर बोलते त्या आवाजात विचारलं, "आई, आज वार कोणता?"

"गुरुवार. काल फुकेत, परवा पेनांग. मला वेड लागलेलं नाही." त्या रागावल्या नव्हत्या. "लागलं असतं तर बरं झालं असतं, असं मघापासून वाटतंय. कारण खरं सांगू? मला आवडत होतं गं. काल दुपारी ती बोलत होती ना, मला वाटत होतं हिने थांबूच नये. आणि आज हिचा आवाज गेला."

५

जेवण झाल्यावर विक्रांत ऋगूला वर पोहायच्या तलावापाशी घेऊन गेला. मी म्हटलं, मी आईंजवळ बसते. त्याला वाटलं त्यांना बरं नाहीये, आणि मी ते तसंच राहू दिलं.

मला फक्त एवढं करायचं होतं की दोघींनी मिळून दुपारभर बसायचं, काहीही ऐकू येणार नाही, आणि प्रश्न मिटेल. आधी आमच्या केबिनमध्ये जाऊन आमच्या बाजूचं मधलं दार बंद असल्याचं पाहिलं, कडी लावली. मग सासूबाईंच्या केबिनमध्ये येऊन त्यांच्या बाजूचं लावलं. बाल्कनीचा पडदा पूर्ण सरकवला. सगळी खोली उन्हाने भरली. सासूबाई पलंगावर, मी खुर्चीत.

मी एकेक आवाज ओळखत गेले. खाली इंजिनाची घरघर, ती तर हाडांत बसलेली. कपाटात हँगर एकमेकांवर टिकटिकत होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. लांब कुठेतरी बिंगोचे आकडे पुकारत होते. प्रत्येक आवाजाला जागा होती आणि कारण होतं. मला बरं वाटायला लागलं. सासूबाईंचे डोळेही मिटत आले होते.

"आजी, झोपलीस का?"

सासूबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलंय हे त्यांना माझ्या तोंडावरूनच समजलं.

आवाज मधल्या दारातून आला होता. ऋगूचा आवाज, गेल्या आठवड्यातला, धडधाकट. पण माझं अंग शहारलं ते दुसऱ्याच कारणाने. दोन दारांच्या मधल्या वीतभर पोकळीतून बोललं तर आवाज डब्यातून आल्यासारखा यायला हवा. कोंदट, घुमणारा. हा तसा नव्हता. भिंती नसलेल्या ठिकाणी, उघड्यावर, कुणी बोलावं तसा मोकळा होता. आणि त्याच्या मागे, अगदी बारीक, किर्र होती.

"आजी, आईपण आहे ना तिथे? आई, दार उघड ना. मी किती वेळ उभी आहे."

माझे पाय उठले. मी उठले असं म्हणवत नाही. दाराच्या मुठीवर माझा हात गेला तेव्हा सासूबाईंनी मनगट धरलं. त्यांची पकड घट्ट होती. त्या माझ्या आणि दाराच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, त्या सुजलेल्या गुडघ्यांवर.

"बाळ," त्या दाराशी बोलल्या, "फार गोड बोलतेस तू. तुझ्याशी बोलून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू."

"मग घे ना आत."

"नाही गं. तू आमची नाहीस."

किर्र जराशी वाढली. मग आवाज म्हणाला, "ती तर बोलतच नाही तुझ्याशी."

"नाही बोलत. टॅबमध्ये बघत उत्तरं देते, इंग्रजीत," सासूबाई म्हणाल्या. "तशीच आहे ती. ती आमची आहे. तिचा आवाज तिला देऊन टाक आणि जा तू."

"कुठे जाऊ?"

असं विचारलं त्याने, की तिने, की काय म्हणायचं ते. आणि विचारण्यात कसलाही कावा नव्हता. गर्दीत हात सुटलेलं मूल विचारतं तसं विचारलं. मी पाहिलं, सासूबाईंचा हात मुठीकडे जायला लागला होता.

"तुझ्या घरी," त्या कशाबशा म्हणाल्या. "तिथे तुला कुणी हाक मारत असेल."

"नाही मारत. कधीपासून कुणीच मारली नाही. आईने मारली. ये म्हणाली. म्हणून आले."

तेव्हा मला समजलं की हे बोलायचं काम माझंच आहे.

"मी तुला हाक मारली नव्हती," मी म्हटलं. "मी माझ्या मुलीला मारली होती. तू ओ दिलीस. चूक झाली आपली दोघींची. आता परत जा."

दाराची मूठ आपोआप खाली झाली. सासूबाईंच्या बाजूचं दार, ज्याच्यापुढे आम्ही दोघी उभ्या होतो, ते हातभर उघडलं.

पलीकडे दुसरं दार नव्हतं. ऊन होतं. हिरवट, झाडांतून गाळून आलेलं ऊन, आणि गरम वारा, ओल्या पानांचा वास. काळपट दगडाची एक कड. तिच्यापुढे एक मुलगी पाठमोरी उभी होती. ऋगूचा पेनांगला घातलेला पिवळा टॉप, ऋगूच्या दोन वेण्या, ऋगूचीच उंची. तिची मान वळायला लागली. कान दिसला, गालाची कड दिसायला लागली.

सासूबाईंनी माझ्या डोळ्यांवर तळहात दाबला. मला दार लागल्याचा आवाज आला, साधा, प्लास्टिकच्या कडीचा.

त्यांनी हात काढला तेव्हा दार बंद होतं आणि हँगर टिकटिकत होते. किर्र थांबली होती.

"तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

६

आम्ही धावतच वर गेलो. सासूबाई धावल्या, हे सांगूनही कुणाला पटणार नाही. लिफ्ट येईना म्हणून जिन्याने, कठडा धरून.

तलावापाशी ही गर्दी. पोरांचा कलकलाट, पाण्याच्या घसरगुंड्या, लाउडस्पीकर. विक्रांत आरामखुर्चीत फोन बघत होता.

"ऋगू कुठाय?"

"आत्ता इथे होती," तो म्हणाला आणि उठून इकडेतिकडे पाहायला लागला. "घसरगुंडीच्या रांगेत असेल. काय झालं? हाक मार ना."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही मान हलवली. आम्हा दोघींची तिच्या नावाने हाक मारायची हिंमत होईना. विक्रांतने हाक मारायला श्वास घेतला तर सासूबाई त्याच्यावर ओरडल्या, "नको! नुसता बघ!" तो बघतच राहिला आईकडे.

मग आम्ही नुसत्या शोधत सुटलो. ओल्या फरशीवरून, एकेका मुलाच्या तोंडाकडे वाकून बघत. टॉवेल पांघरलेली, गॉगल लावलेली, पाण्यातून डोकं काढणारी. एक पिवळी टोपी दिसली, ती कुणा दुसऱ्याची होती. एका मुलीचा खांदा धरून मी तिला वळवलं. तिची आई माझ्यावर चिडली, मी माफी मागितली आणि पुढे गेले. मला कानात फक्त माझं रक्त ऐकू येत होतं.

"ममा!"

मी जागच्या जागी थांबले. मागे वळायचं की नाही, ठरवता येईना.

"ममा! व्हाय यू नेव्हर आन्सर? आय कॉल यू सो मेनी टाइम्स लाह!"

घोगरा, फाटका, चिडलेला आवाज. मी वळले. ऋगू नखशिखान्त भिजून उभी होती, नाकातून पाणी गळत होतं, कपाळाला आठ्या. मी आधी तिचं तोंड नीट पाहिलं, मग डोळे, मग हनुवटीवरची ती लहानशी खूण, सायकलवरून पडल्याची. मग तिला जवळ ओढलं ते इतक्या जोरात की तिला खोकला आला.

"यू ओके? व्हाय यू क्राय? माय व्हॉइस कम बॅक ऑलरेडी, सी! आजी, आजी, हिअर! आय कॅन टॉक!"

"ऐकतेय गं, ऐकतेय," सासूबाई म्हणाल्या आणि तिथेच एका ओल्या आरामखुर्चीवर बसल्या. पदराने तोंड पुसायला लागल्या, आणि हसत होत्या. "बोल. काय वाटेल ते बोल."

ऋगूने मग घसरगुंडीबद्दल, रांगेत घुसलेल्या मुलाबद्दल, लाइफगार्डने त्याला कसं झापलं त्याबद्दल, सगळं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरने बोलायचं नाही म्हटलंय याची आठवण तिला कुणी करून दिली नाही. विक्रांत आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी त्याने तिघींसाठी लिंबू सरबत आणलं. ते किती थंड होतं आणि किती गोड होतं! मी दोन ग्लास प्यायले.

त्या दिवशी सामान आम्ही एका केबिनमध्ये हलवलं आणि चौघं तिथेच राहिलो. सकाळी सिंगापूर दिसायला लागलं तेव्हा मी बाल्कनीत होते. नांगरलेली मालवाहू जहाजं, क्रेन, मागे उंच इमारती. इमिग्रेशनच्या रांगेत ऋगू बडबडत होती आणि सासूबाई प्रत्येक वाक्याला 'हो का?' म्हणत होत्या. टॅक्सीने घरी आलो, वरण-भाताचा कुकर लावला. शिटी झाली तेव्हा मला रडू आलं आणि हसूही.

पुढच्या आठवड्यात मी सासूबाईंना माझ्या कामाच्या ठिकाणी नेलं. वयाच्या मानाने त्यांचे कान उत्तम आहेत. मग माझी सहकारी प्रणिता, तिला मी माझेही तपासायला सांगितले. तेही उत्तम. त्या अस्तर लावलेल्या खोलीत मी बराच वेळ एकटी बसले होते आणि प्रणिताने सूर वाजवला नाही तेव्हा एकदाही माझ्याकडून बटण दाबलं गेलं नाही. याचा अर्थ काय, ते मी लावत बसले नाही.

सासूबाई आता पुण्यात आहेत. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी बोलत नाही, पण त्यांचा फोन आला की पहिल्यांदा त्या व्हिडिओ चालू करायला लावतात. तोंड दिसल्यावर मग बोलणं.

गेल्या रविवारी ऋगू फोनसमोर बसली आणि तिने काय मनात घेतलं कोण जाणे. शब्द शोधत, एकेक पायरी उतरावी तशी, म्हणाली, "आजी, मी... मी आज पोहायला गेला."

मी चटकन तिच्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते, जीभ दातांखाली होती, आणि ती आजीच्या तोंडाकडे बघत होती.

विक्रांत 'गेले म्हण' असं सांगायला पुढे झुकला. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

आणि सासूबाई, ज्यांनी शाळेत मुलांच्या वह्यांतला एकेक काना आणि एकेक वेलांटी दुरुस्त केली, त्या पडद्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "गेलास का? वा! पाणी थंड होतं का रे?"